भिंत क्रमांक अकराची काच

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संरक्षक भिंत क्रमांक अकरा पडली. तिच्याखाली दोन माणसं गेली.

पण थांबा. पालिकेच्या नोंदवहीनुसार त्या मंगळवारी भिंत क्रमांक अकरा उभी होती, बुधवारीही उभी होती आणि तुम्ही हे वाचत असताना आजही उभी आहे. आपण सगळे नियम पाळणारे नागरिक आहोत. तेव्हा वरची दोन वाक्यं तुम्ही वाचलीच नाहीत असं समजा, मीही ती लिहिली नाहीत असं समजतो, आणि जिथे भिंत उभी आहे तिथून सुरुवात करू.

हे शहर डोंगराच्या पायथ्याशी आहे. म्हणजे पूर्वी होतं. आता ते डोंगराच्या गुडघ्यापर्यंत आलंय आणि विकास आराखड्यानुसार पाच वर्षांत कमरेला पोहोचेल. मोठ्या शहरात ज्यांना जागा मिळत नाही ते इथे राहायला येतात. येताना सगळे एकच कारण सांगतात : हवा चांगली आहे आणि खिडकीतून डोंगर दिसतो. आता एवढ्या माणसांसाठी इमारती बांधायच्या तर दगड लागतो, खडी लागते, भराव लागतो. ते सगळं डोंगरातून येतं. त्यामुळे डोंगर बघायला येणाऱ्या माणसाची सोय करण्यासाठी डोंगर कापतात, आणि तो सामान घेऊन येईपर्यंत बघायचा डोंगर थोडा कमी झालेला असतो. 'शिखरदर्शन' नावाच्या इमारतीतून शिखर खरोखर दिसायचं, 'शिखरदर्शन दोन' उभी राहीपर्यंत. आता एकमधून दोन दिसते आणि दोनमधून खाण दिसते. तक्रार कोणीच करत नाही. सगळ्यांनी जाड पडदे लावलेत.

कापलेला डोंगर खाली येऊ नये म्हणून पालिकेने संरक्षक भिंती बांधल्या. एकूण एकतीस. त्या एकतीस भिंतींसाठी एक भिंत निरीक्षक नेमला. ऑफिसात सगळे त्याला भिंतराव म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्याला राग आला, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली, आणि वर्षभराने तो फोन उचलून स्वतःच "भिंतराव बोलतोय" म्हणायला लागला.

भिंत तपासायची पद्धत सोपी आणि जुनी आहे. भिंतीला तडा गेला की त्याच्यावर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी धरायची आणि दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायची. तडा जागच्या जागी असेल तर पट्टी तशीच राहते. तडा रुंदावला तर काचेला ओढ सहन होत नाही, ती फुटते. फुटली की समजायचं, भिंत सरकतेय, खालची माणसं हलवा. गोष्ट इतकी साधी की ती कोणालाही कळावी. म्हणून पालिकेने तिच्यासाठी दोन पानी तक्ता तयार केला होता.

त्या तक्त्यात शेवटचा रकाना असा होता : 'तपासणीअंती काच शाबूत आहे काय?' उत्तरं दोनच. 'होय' किंवा 'काच उपलब्ध नाही'.

निवृत्त होणाऱ्या आधीच्या निरीक्षकाने भिंतरावाला हे काम एका दुपारी शिकवलं होतं.

"आणि काच फुटलेली असली तर?" भिंतरावाने विचारलं होतं.

"फुटलेली काच म्हणजे काच नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण 'काच उपलब्ध नाही' लिहिलंस तर वरून विचारणा येते, काच का उपलब्ध नाही? म्हणून पिशवीत नेहमी जादा पट्ट्या ठेवायच्या. फुटली असेल तर नवी लाव. आता बघ, आहे का शाबूत?"

"आहे."

"मग 'होय' लिही. खोटं कुठे लिहितोयस? तपासणीअंती शाबूत आहे काय, असं विचारलंय. तपासणीच्या अंती आहेच ना."

भिंतराव वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. उशिरा यायचा नाही, लवकर निघायचा नाही. अक्षर मोत्यासारखं. त्याने लिहिलेलं 'होय' इतकं देखणं असायचं की वाचणाऱ्याला पुढे काही विचारावंसंच वाटत नसे. तीन वर्षं तो पिशवीत पट्ट्या, डबीत सिमेंट आणि बगलेत नोंदवही घेऊन एकतीस भिंतींच्या कडेकडेने फिरत राहिला. फुटलेली काच काढायची, नवी लावायची, 'होय' लिहायचं. जुने तुकडे मात्र तो गोळा करून कागदात गुंडाळून आणायचा. कोणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. माणूस इतका काळजीवाहू.

भिंत क्रमांक अकराची पाळी मंगळवारी असायची आणि मंगळवारी तो ताईकडे जेवायचा. कारण भिंत क्रमांक अकराच्या खालीच, चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, त्याची ताई राहत होती. आई गेली तेव्हा हा आठ वर्षांचा होता. पुढचं सगळं ताईने केलं. शाळेत घातलं, ताप आला तर उशाशी बसली, गणितात नापास झाला तेव्हा मारलं, आणि नोकरी लागली तेव्हा पुन्हा एकदा मारलं, आनंदाने.

ताई घरी शाळेचे युनिफॉर्म शिवायची. दाजी पूर्वी बस चालवायचे. गुडघा गेल्यावर घरी बसले आणि ताईच्या हाताखाली काज-बटणं करायला लागले. "पन्नास माणसांना घेऊन घाट उतरायचो," ते म्हणायचे, "आता पन्नास बटणं घेऊन बसतो. बटणं बरी. कोणी मागून ओरडत नाही, गाडी हळू चालवा."

घराचं मागचं दार भिंतीकडे उघडायचं. मध्ये हातभर बोळ, पलीकडे भिंत. एका मंगळवारी ताई वाढता वाढता म्हणाली, "अरे, हे मागचं दार घासायला लागलंय. मिटतच नाही नीट."

"लाकूड फुगलं असेल," भिंतराव म्हणाला.

सुतार आला. त्याने दार थोडं तासलं. दार मिटलं. दोन महिन्यांनी पुन्हा घासायला लागलं. सुतार पुन्हा आला, पुन्हा तासलं. तिसऱ्या वेळी सुतार म्हणाला, "वहिनी, दार आहे तसंच आहे हो. चौकट वाकडी होतेय. फरशीही वर आलीय बघा."

"मग काय करायचं?"

"करायचं काय, मी दार तासतो."

दाजी म्हणाले, "तास बाबा. असंच चालू राहिलं तर आपल्याकडे एक दिवस चांगली फळी उरेल."

सगळे हसले. भिंतरावही हसला. चौकट का वाकडी होतेय हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. ते त्याने स्वतःलाही अजून सांगितलं नव्हतं.

ते त्याला सांगितलं काचवाल्या काकांनी.

बसथांब्याजवळ काकांचं काचेचं दुकान. डाव्या हाताला साडेचार बोटं, उरलेलं अर्धं चाळीस वर्षांपूर्वी एका खिडकीच्या काचेत गेलं. भिंतराव पट्ट्या त्यांच्याकडूनच घ्यायचा. एकदा पट्टी कापता कापता त्यांनी हात थांबवला.

"भिंतराव, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना काका."

"तुझ्याकडे भिंती एकतीस. या वर्षात पट्ट्या नेल्यास दोनशे सहा. बाकीच्या काय खातोस का?"

"फुटतात हो."

"कुठे? नेताना?"

"नाही. भिंतीवर."

काकांनी काच कापायचा हिरा खाली ठेवला. "मग?"

"मग नवी लावतो."

"आणि वहीत?"

"शाबूत आहे म्हणून लिहितो. ती असतेच, नवी असते ना."

काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. काचेच्या दुकानात माणूस आरपार बघायला शिकतो की काय कोण जाणे.

"समजा तुला ताप आलाय," काका म्हणाले. "डॉक्टरने तुझ्या तोंडातला थर्मामीटर काढला, झटकून कपाटात ठेवला, दुसरा गार थर्मामीटर घेतला, तो वाचला आणि लिहिलं, ताप नाही. काय म्हणशील त्याला?"

"म्हणेन, थर्मामीटर स्वच्छ ठेवतो."

"मस्करी नको. अरे, मी आयुष्यभर काच विकली. लोक नेतात ती फुटू नये म्हणून जपतात. ही तुझी पट्टी तेवढी अशी, की जी फुटायलाच लावतात. फुटणं हेच तिचं काम. ती बिचारी दर वेळी आपलं काम चोख करते, आणि तू दर वेळी तिला कामावरून काढून नवीन भरती करतोस."

"तक्त्यात फुटल्याचा रकानाच नाही, काका."

"रकाना नाही म्हणून भिंत सरकायची थांबते?" काकांनी पट्टी कागदात गुंडाळली, पण हातात दिली नाही. "सगळ्यात जास्त कुठली खाते पट्ट्या?"

"अकरा नंबर."

"तिच्या खाली कोण राहतं?"

काका त्याला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी उत्तराची वाटही बघितली नाही. पुडकं त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "तुझी नोकरी काच सांभाळायची नाही, माणसं सांभाळायची आहे. जा आता."

भिंतराव तडक ऑफिसात गेला. उपअभियंता साहेब 'शहर परिचय' नावाची पुस्तिका लिहीत होते. वेगाने वाढणाऱ्या सुरक्षित शहरांची स्पर्धा होती आणि तिच्यात आपलं शहर उतरलं होतं. साहेबांनी नुकतंच वाक्य लिहिलं होतं : 'पर्वतराजीच्या कुशीत विसावलेल्या या शहरात संरक्षक भिंती एकतीस असून त्यांपैकी शाबूत एकतीस आहेत.' त्या वाक्यावर ते खूश होते.

"साहेब, अकरा नंबरची काच दर आठवड्याला फुटतेय."

साहेबांनी चष्मा काढला. ते तत्पर अधिकारी होते, कुठलीही अडचण समोर आली की जागच्या जागी सोडवायचे.

"दर आठवड्याला फुटते? म्हणजे काच निकृष्ट आहे."

"नाही साहेब, भिंत..."

"भिंत आपण बांधली आहे. काच बाहेरून आणतो. दोष कुठे असेल?" त्यांनी घंटी वाजवली. "उद्यापासून प्लास्टिकच्या पट्ट्या लावा. न फुटणाऱ्या. हा प्रश्न इतकी वर्षं कोणाला कसा सुटला नाही?"

इथे भिंतराव बोलू शकला असता. काकांचे शब्द त्याच्या तोंडाशी होते. पण साहेब त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि तीन वर्षांत त्याच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "चालेल साहेब."

एकतीस भिंतींना एकतीस प्लास्टिकच्या पट्ट्या लागल्या. त्यातली एकही फुटली नाही. साहेबांच्या सांगण्यावरून भिंतरावाने प्रत्येक इमारतीसाठी एक दाखला लिहिला : 'आपल्या इमारतीमागील संरक्षक भिंत नियमित तपासली जात असून तीन वर्षांत एकाही तपासणीअंती काच फुटलेली आढळलेली नाही.' खाली सही, हुद्दा, शिक्का. ताईच्या इमारतीत तो जिन्यापाशी चौकट करून लावला. चौकटीला काच होती. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे, "आमच्या मेहुण्याचं अक्षर. बघा 'तपासणी'तला ण."

सहा मंगळवार गेले. सातव्या मंगळवारी भिंतरावाने पट्टी पाहिली आणि त्याचा हात नोंदवहीवरच थांबला. पट्टी फुटली नव्हती. ती वाकली होती, दोन्ही टोकांनी ताणलेल्या धनुष्यासारखी. तड्यात महिन्याभरापूर्वी पेन्सिल जात नव्हती. आता त्याची चार बोटं गेली.

त्याने 'होय' लिहिलं. पण त्या आठवड्यात त्याला झोप आली नाही.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो काकांकडून एकच साधी पट्टी घेऊन ताईच्या बोळात शिरला. पट्टी चिकटवली, सिमेंट वाळेपर्यंत तिथेच उकिडवा बसला. मग हात धुवून जेवायला बसला. ताई म्हणाली, आज रविवारी कसा काय उगवलास? तो म्हणाला, सहज. जेवण झाल्यावर तो मागच्या दाराने बाहेर गेला.

पट्टीचे दोन तुकडे झाले होते. एका जेवणात!

आता त्याने तुकडे उचलले नाहीत. तो जिन्यापाशी उभा राहिला आणि वरून खालून सगळ्यांना हाका मारल्या. माणसं जमली. तो म्हणाला, भिंत सरकतेय, आजच्या आज सगळ्यांनी दुसरीकडे राहायला जा.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी चौकटीकडे बोट केलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग खरं कधी बोलत होतात? तेव्हा की आता?"

"आता."

"आणि पुढच्या महिन्यात येऊन म्हणाल, त्या रविवारी बोललो ते खोटं होतं. आम्ही दर वेळी गाद्या घेऊन धावायचं का?"

कोणी तरी म्हणालं, बिल्डरचा माणूस दिसतोय, जागा रिकामी करून हवी असेल. कोणी म्हणालं, जेवण जड झालं असेल. हळूहळू सगळे वर गेले. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवा, हेच आपण त्यांना शिकवत आलो होतो.

राहिली ताई. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखलं. "खरंच सांगतोयस?"

"ताई, आत्ता चल."

"अरे, मंगळवारी सकाळी चाळीस युनिफॉर्म द्यायचेत. पोरांच्या शाळा सुरू होतायत, मशीन कुठे उचलून नेऊ? मंगळवारी देऊन येते, दुपारी दोघं निघतो. आठ दिवस राहू तुझ्याकडे. चालेल ना?"

"तुझ्या खोलीला भिंती किती?" दाजींनी विचारलं.

"चार."

"त्या कोण तपासतं?"

"कोणीच नाही."

"मग बिनघोर येतो."

भिंतरावाने हात धरून ओढायला हवं होतं. मशीन रस्त्यावर फेकायला हवं होतं. पण ज्याने तीन वर्षं 'होय' लिहिलं, त्याला दोन दिवस म्हणजे फार वाटले नाहीत. तो "बरं" म्हणाला.

सोमवारी त्याने नोंदवहीच्या समासात लाल शाईने लिहिलं : 'काच फुटली. भिंत धोकादायक. इमारत रिकामी करावी.' आणि वही साहेबांपुढे ठेवली.

"हे समासात आहे," साहेब म्हणाले.

"रकाना नाही ना साहेब."

"समासातला मजकूर वाचण्याचे अधिकार मला नाहीत. आणि इमारत रिकामी करायचा आदेश काढायचा तर भिंत धोकादायक असल्याची पूर्वीची नोंद लागते. पूर्वीची नोंद काय म्हणते?"

"शाबूत."

"नोंद कोणाची?"

"माझी."

"मग तुमच्याच शब्दावरून मी तुमच्याच शब्दाविरुद्ध कसा जाऊ?" साहेबांनी हे अगदी मायेने विचारलं. "घरी जा, विश्रांती घ्या. पुस्तिका आज छापायला गेली."

मंगळवारी सकाळी भिंतराव स्वतःच्या हाताने लिहिलेली नोटीस घेऊन शिक्का मारणाऱ्याच्या टेबलापाशी उभा होता. साहेबांची सही नव्हती. पण कागदावर नुसता शिक्का दिसला तरी माणसं हलतील, असं त्याला वाटत होतं. शिक्का मारणारा चहाला गेला होता. त्या वेळी ताई गठ्ठे घेऊन शाळेत गेली होती. दाजींनी दोन पिशव्या भरल्या होत्या, बटणांचा डबा वर ठेवला होता. निघायचं तर घराला कुलूप लावायला हवं. कुलूप लावायचं तर मागचं दार मिटायला हवं. दार मिटत नव्हतं. म्हणून त्यांनी सुताराला बोलावलं होतं, आणि सुतार चौथ्यांदा दार तासत होता. दाजींनी ते त्याच्यासाठी घट्ट धरलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. एकही फुटलं नाही.

भिंतराव धावत पोहोचला तेव्हा तळमजल्याच्या मागच्या खोल्यांच्या जागी माती होती, वर डोंगराचा एक मोठा ओला तुकडा होता. समोरून ताई येत होती. शाळेने अडतीस युनिफॉर्म घेतले होते. दोन मापाला चुकले म्हणून परत दिले होते. ते तिच्या हातात होते. कोणी सांगायच्या आधी ती ते दोन्ही छातीशी धरून खाली बसली.

दाजी आणि सुतार संध्याकाळी सापडले. दाराच्या दोन बाजूंना. चौकशी समिती त्याही आधी आली होती.

समितीने नोंदवही पाहिली. सगळीकडे देखणं, मोत्यासारखं 'होय'. समासातला लाल मजकूर वाचण्याचे अधिकार समितीलाही नव्हते. अहवालात लिहिलं : 'भिंत पडली असती तर तशी पूर्वसूचना नोंदवहीत असती. ती नाही. सबब भिंत पडलेली नाही. ती सध्या आडव्या स्थितीत शाबूत आहे.' प्लास्टिकची पट्टी ढिगाऱ्यात मिळाली, तीही शाबूत होती. तिचा फोटो अहवालाला जोडला. राहता राहिली दोन माणसं. पडलेल्या भिंतीखाली येऊन त्यांना मरता येईना, तेव्हा दोघांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं : 'दार अंगावर पडून'. सुताराच्या बाबतीत ते कोणाला वावगंही वाटलं नाही.

स्पर्धेत शहराला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्या शहराला मिळाला, तिथे डोंगरच नाही.

ताई भिंतरावाच्या खोलीत राहायला आली. आठ दिवसांसाठी नव्हे. एका दुपारी ती दाजींच्या मृत्यूचा दाखला हातात घेऊन बसली. बराच वेळ त्यातला एकच शब्द वाचत होती.

"दार," ती म्हणाली. "त्या दाराने काय केलं होतं रे? ते बिचारं सांगत होतं. तीनदा सांगितलं त्याने."

मग तिने दाखला खाली ठेवला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. सवय होती.

"पहिली पट्टी फुटली तेव्हापासून."

"म्हणजे?"

"तीन वर्षं, ताई."

तिने त्याला मारलं नाही. त्याला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली. टेबलावरचा कागद आणि पेन आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे ना," ती म्हणाली. "मग लिही आता. खरं लिही. रकाना नसला तर आख."

भिंतरावाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेल्या तीस भिंतींवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या आणि काकांच्या काचा लावल्या. काकांनी त्या मोजल्या नाहीत. आठवड्यात नऊ फुटल्या. त्याने एकही बदलली नाही. त्या नऊ भिंतींखालच्या दारांवर तो स्वतः जाऊन सांगून आला. पाच ठिकाणी लोकांनी हाकलून दिलं, चार ठिकाणी माणसं निघून गेली. त्याच्यावर कामात कसूर केल्याचा ठपका आला, कारण त्या आठवड्यात त्याने एकदाही 'होय' लिहिलं नाही.

नागरिकहो, यातून घ्यायचा बोध मी आडपडद्याशिवाय सांगतो, कारण जाड पडदे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात एखादी काच लावलेली असते. घासणारं दार, एकच प्रश्न परत परत विचारणारं माणूस, समासात लिहिलेली ओळ. ती फुटते ती आपल्याला सांगण्यासाठी. फुटलेली काच गुपचूप बदलणारा हात भिंत पाडणाऱ्या हाताइतकाच दोषी असतो, अक्षर कितीही सुंदर असो. आणि माणसं वाचवायची असतील तर ती आजच वाचवावी लागतात. मंगळवारी दुपारी उशीर झालेला असतो.

भिंतरावाचा तो अर्ज आवक क्रमांक घेऊन सध्या पालिकेत आहे. कुठल्या टेबलावर, ते कोणाला ठाऊक नाही. त्याची नक्कल ताईने ठेवली आहे, ती खाली देतो.

*

प्रति,
मा. उपअभियंता, संरक्षक भिंत विभाग.

विषय : मृत्यूच्या दाखल्यात दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कार्यालयात भिंत निरीक्षक आहे. भिंत क्रमांक अकरा ही पडली असून ती पडणार हे मला तीन वर्षं माहीत होतं. या काळात तिच्यावरच्या अठ्ठ्याऐंशी काचा फुटल्या. त्या सर्व मी बदलल्या आणि प्रत्येक वेळी 'होय' लिहिलं. त्या सर्व नोंदी खोट्या आहेत. त्या रद्द कराव्यात.

तपासणी तक्त्यात 'काच फुटली' असा एक रकाना वाढवावा. जागा नसल्यास माझ्या सहीची जागा कमी करावी.

माझे दाजी व सुतार यांच्या दाखल्यांवर मृत्यूचं कारण 'दार' असं लिहिलं आहे. दाराचा यात काही दोष नाही. ते शेवटपर्यंत मिटत नव्हतं. तरी दोन्ही दाखल्यांवरील 'दार' हा शब्द खोडून त्या जागी 'भिंत निरीक्षक' असा शब्द लिहावा, आणि दुरुस्त दाखले माझ्या ताईच्या व सुताराच्या पत्नीच्या हातात मी स्वतः नेऊन द्यावेत असा लेखी आदेश मला मिळावा, ही विनंती.